हृदयाचं ऑपरेशन झालं, मग आता जनुकांची तपासणी कशाला?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देत आहोत.

ताईंचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. जन्मतःच त्याच्या हृदयात दोष होता, ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. अकराव्या महिन्यात ऑपरेशन झालं आणि निळा पडणारा मुलगा धावू लागला. तान्हा असताना त्याचं दूध नाकातून बाहेर यायचं. दुसऱ्या आठवड्यात कॅल्शियम उतरून झटके आले होते. बोलायला तो उशिरा लागला, अजूनही गेंगाणं बोलतो आणि वर्गातली मुलं त्यावरून चिडवतात. पाढे तोंडपाठ, पण हातच्याची वजाबाकी आली की रडकुंडीला येतो. ‘लाडावलाय, मन लावत नाही,’ असं बाई म्हणतात. कान सारखा वाहतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) काढायला सांगितलंय, पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली आहे. मधल्या काळात हृदयाच्या नेहमीच्या तपासणीला गेल्यावर नव्या डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ‘२२क्यू११’ नावाची जनुकीय तपासणी करून घ्या म्हणाले.

घरात त्यावरून ताण आहे. सासूबाई म्हणजे ताईंची सख्खी आत्या. ताईंचं लग्न आतेभावाशी झालेलं. आत्या म्हणते, ‘पोरगं बरं झालंय, आता नवी नावं कशाला शोधता? जन्माच्या वेळी गुणसूत्रं तपासली होती, नॉर्मल होती.’ सहाव्या महिन्यात तू ग्रहण पाळलं नाहीस, हेही ती अधूनमधून बोलून दाखवते. नणंदेची स्थळं बघणं चालू आहे. घराण्यात काही आहे अशी कुजबुज झाली तर तिचं कसं होणार, ही भीती आहे. नवरा गप्प असतो. ताई विचारतात, ‘नाव कळून फायदा काय? जनुकं काही बदलता येत नाहीत. आणि आम्हाला दुसरं मूल हवंय, ते विचारायचं तरी कुणाला?’

ताई,

आधी घाईचं बोलू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन करा. हृदयाच्या डॉक्टरांनी कोणती तपासणी सुचवली आहे ते सांगा, आणि तिचा निकाल हातात येईपर्यंत ऑपरेशन थांबवता येईल का ते विचारा. बोलताना आपली मऊ टाळू मागे सरकून नाकाची वाट बंद करते. ज्या मुलांची टाळू आखूड किंवा अशक्त असते, त्यांच्यात ॲडिनॉइडची गाठ ती फट थोडीफार भरून काढत असते. ती गाठ काढली की वारा नाकातून आणखी सुटतो आणि बोलणं पहिल्यापेक्षा जास्त गेंगाणं होऊ शकतं. शिवाय २२क्यू११ असलेल्या, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेल्या काही मुलांत मानेतली मोठी रक्तवाहिनी घशाच्या मध्याकडे सरकलेली असते, आणि ऑपरेशनच्या ताणात कॅल्शियम झपकन उतरू शकतं. सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी माहीत असलं पाहिजे. ‘नाव कळून फायदा काय’ या तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर पुढच्या महिन्यातल्या त्या तारखेतच आहे.

मी निदान करू शकत नाही. तो अधिकार तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांना शंका का आली असेल, ते तुमच्या पत्रावरून स्वच्छ कळतं. तुम्ही पत्रात दूध नाकातून येणं एका जागी लिहिलंय, झटके दुसऱ्या जागी आणि गणित अगदी शेवटी, जणू तीन वेगळ्या तक्रारी. त्या डॉक्टरांनी त्या एका ओळीत मांडून पाहिल्या.

गर्भ अगदी लहान असताना त्याच्या मानेच्या जागी काही घड्या पडलेल्या असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, टाळू, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी आणि प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथी, या सगळ्यांची घडण त्या भागाशी जोडलेली असते. बाविसाव्या गुणसूत्रावरचा एक छोटा तुकडा गळलेला असला, तर ही घडण अनेक ठिकाणी एकदम थोडी थोडी बिघडते. त्या तुकड्यात तीस-चाळीस जनुकं असतात. साधारण दर तीन-चार हजार जन्मांमागे एका बाळात हे आढळतं. फॅलोच्या मुलांचं वेगळं बघितलं, तर साधारण दर सात-आठ मुलांत एक. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी हौस म्हणून ही तपासणी काढलेली नाही.

जन्माच्या वेळी गुणसूत्रं नॉर्मल आली होती, हे आत्या खरंच सांगते. पण ती साधी तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि एवढा बारीक तुकडा तिच्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यासाठी फिश, एमएलपीए किंवा मायक्रोॲरे लागते. तिन्हींना थोडं रक्त पुरतं. फिश नेमकी तेवढीच जागा बघते. मायक्रोॲरे महाग पडते, पण ती सगळ्याच गुणसूत्रांवर नजर टाकते आणि दुसरं काही असेल तर तेही सापडू शकतं. कोणती करायची ते डॉक्टरांना ठरवू दे. जुन्या कागदांत किंवा नेटवर तुम्हाला डायजॉर्ज, व्हीसीएफएस, श्प्रिंटझेन अशी वेगवेगळी नावं दिसतील. १९६५ मध्ये अँजेलो डायजॉर्ज यांनी थायमस आणि पॅराथायरॉइडच्या बाजूनं वर्णन केलं, १९७८ मध्ये रॉबर्ट श्प्रिंटझेन यांनी टाळू आणि हृदयाच्या बाजूनं. बहुतेकांच्या मुळाशी हाच तुकडा आहे हे पुढे कळलं. तेव्हा चार नावं वाचून चार आजार आहेत असं समजू नका.

आता तुमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलेल्या एका समजाबद्दल. ‘हृदय दुरुस्त झालं, विषय संपला.’ ऑपरेशन चांगलं झालंय आणि मुलगा धावतोय, याचा आनंद खरा आहे, तो कुणी कमी करू नये. पण फॅलोत चार गोष्टी असतात: हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट, त्या भोकावर सरकून बसलेली महाधमनी आणि जाड झालेला उजवा कप्पा. भोक बुजवलं आणि वाट रुंद केली, की त्या वाटेवरची झडप बऱ्याचदा गळू लागते. वर्षानुवर्षं गळती राहिली की उजवा कप्पा ताणला जातो. म्हणून पुष्कळांना किशोरवयात किंवा विशी-तिशीत नवी झडप बसवावी लागते. मुलाला काहीच त्रास होत नाही म्हणून वार्षिक तपासणी सोडलेली कितीतरी कुटुंबं आहेत, आणि नेमकं तिथंच नुकसान होतं. ही तपासणी आयुष्यभराची धरा. ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक इको (हृदयाची सोनोग्राफी) एका फाइलमध्ये ठेवा आणि फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. वीस वर्षांनी नव्या शहरातला नवा डॉक्टर पहिली मागणी तीच करणार आहे. दात स्वच्छ ठेवा, दाताच्या डॉक्टरांना हृदयाचं न विसरता सांगा. चक्कर येऊन पडला किंवा छातीत धडधड होते म्हणाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की शाळेत त्याला पीटीच्या तासाला कडेला बसवतात. ते कुणी ठरवलं? ऑपरेशन झालेली बहुतेक मुलं खेळू शकतात. त्यानं काय खेळावं आणि कुठं थांबावं, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद शाळेत द्या.

‘जनुकं बदलता येत नाहीत,’ हे खरं. पण त्यानं जे होतं ते वेळेवर पकडता येतं. निकाल होकारार्थी आला तर दरवर्षी कॅल्शियम, पॅराथायरॉइड आणि थायरॉइडची रक्ततपासणी होईल. ताप, ऑपरेशन, वयात येण्याचा काळ, अशा वेळी कॅल्शियमवर लक्ष राहील. एकदा पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडं बघतील, पाठीचा कणा वाकतोय का ते वाढीच्या वयात बघतील. टाळूची नीट तपासणी होईल. त्यात आत लपलेली फट निघाली, तर तिचं ऑपरेशन असतं आणि पुढे स्पीच थेरपी असते. अशा गेंगाण्या बोलण्याला ‘स्पष्ट बोल रे’ म्हणून ओरडणं हा उपाय नाही, कारण वाट बंद करणं त्या पोराच्या हातातच नसतं. कान तपासताना ऐकू किती येतं तेही मोजून घ्या.

आणि गणित. मला तुमच्या पत्रातली ती वजाबाकी सगळ्यात जास्त बोचली. तोंडपाठ करणं जमतं आणि मनात आकडा धरून हलवणं जमत नाही, हा २२क्यू११ असलेल्या मुलांत वारंवार दिसणारा प्रकार आहे. तो आळस नाही. बाईंना तो हट्टी वाटतो, तुम्हाला पोटात तुटतं, आणि पोराला वाटतं आपण ढ आहोत. आज संध्याकाळी करून बघा. बावन्नातून सतरा वजा करायचेत ना? दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवा. सात नाणी दे म्हणा. नाणी दोनच आहेत हे त्यालाच कळू दे. मग त्याच्या हातानं दहाची एक नोट तुमच्याकडे येऊ दे आणि तुम्ही दहा सुटी नाणी त्याला मोजून द्या. हातचा म्हणजे नोट मोडणं, हे हातानं कळलं की मग वही. एका वेळी दोनच गणितं, आणि तो थकला की थांबा.

एवढ्यावर भागणार नाही, शाळेलाही हलवावं लागेल. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, त्याची मानसिक-शैक्षणिक चाचणी होते का ते विचारा. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीला येणारी डॉक्टरांची टीम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषापासून शिकण्याच्या अडचणीपर्यंत सगळं येतं आणि पुढच्या उपचारांसाठी तेच पाठवणी करून देतात. वाचा आणि श्रवणासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आणि वाचादोष दोन्ही धरलेले आहेत. प्रमाणपत्र मिळालं तर पुढे परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. शाळेला सिंड्रोमचं नाव सांगायलाच हवं असं नाही. त्याला काय जड जातं आणि काय मदत लागते, हे चाचणीच्या अहवालातून कळलं तरी पुरे.

एक अवघड गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही, कारण ती तुम्हाला नेटवर नाहीतरी सापडेल, आणि तिथं ती मध्यरात्री एकटीनं वाचावी लागेल. २२क्यू११ असलेल्या मुलांत चिंता आणि लक्ष न लागणं जास्त आढळतं, आणि मोठेपणी साधारण चौघांत एकाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार होतो. तिघांना होत नाही. हे माहीत असलं तर तो पंधरा-सोळाचा झाल्यावर झोप, भीती किंवा एकलकोंडेपणा अचानक वाढला, तर तुम्ही ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देणार नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर जाल. लवकर उपचार मिळण्यानं मोठा फरक पडतो.

आता दोष कुणाचा, याकडे येते, कारण तुमच्या पत्रात हा प्रश्न उघड कुठंच नाही आणि तरीही सगळीकडे आहे.

ग्रहणाचं आधी निकाली काढू. गर्भाचं हृदय तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं, दिवस गेलेत हे पुष्कळ बायकांना पक्कं कळायच्या सुमारास. तुमचं ग्रहण सहाव्या महिन्यातलं. तोवर त्याचं हृदय कितीतरी आठवडे ठोके देत होतं आणि त्यातला दोषही केव्हाच तयार झालेला होता. आईला आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, फिट्स किंवा मुरुमांवरची काही औषधं, यांनी हृदयदोषाचा धोका वाढतो. ग्रहणात भाजी चिरल्यानं वाढत नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगते. जवळच्या नात्यात लग्न झालं तर काही अनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, जन्मजात हृदयदोषाचीही थोडी वाढते. पण २२क्यू११ त्या जातीचं नाही. दहापैकी साधारण नऊ मुलांत तो तुकडा आई-वडिलांपैकी कुणातच गळलेला नसतो. बीज तयार होताना तो नव्यानं गळतो, आणि ते नात्यातल्या जोडप्यात होतं तसंच परक्या जोडप्यातही होतं. तुमच्या मुलात हे निघालं, तर ते तुमच्या लग्नामुळे झालेलं नसेल.

हे वाक्य तुमच्याइतकंच आत्याला ऐकायची गरज आहे, असं मला वाटतं. भावाची मुलगी घरात आणायचं तिनं ठरवलं. नातू निळा पडलेला तिनं डोळ्यानं पाहिला. नऊ वर्षं ती मनातल्या मनात काय मोजत असेल? ग्रहणाचा विषय ती पुन्हा पुन्हा काढते, तेव्हा ‘मी जमवलेल्या लग्नामुळे तर नाही ना’ हा प्रश्न ती दाबत असण्याची मला दाट शंका आहे. चुकत असेन, तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. पण एकदा त्या नजरेनं बघा. तपासणीला तिचा विरोध कदाचित निकालाच्या भीतीचा आहे, आणि ही तपासणी तिला दोषी ठरवायला बसलेली नाही.

नणंदेचंही त्यातच येतं. तुमच्या मुलात हे आढळलं, तर तुम्हा नवरा-बायकोची रक्ततपासणी होईल. दोघांत काही नाही निघालं, आणि बहुतेक वेळा तसंच होतं, तर या कारणानं नणंदेची काळजी करायचं काहीच उरत नाही. न तपासता राहिलात तर कुजबुज मात्र चालूच राहील. क्वचित आई किंवा वडिलांतही तो तुकडा गळलेला असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ताही नसतो, कारण त्यांना त्रास अगदी सौम्य असतो. तसं निघालं, तर तुमचं नातं रक्ताचं असल्यानं पुढे कुणाकुणाला तपासायचं हे जनुकीय समुपदेशक सांगतील, आणि मग नणंदेला स्वतःसाठी ते कळलंच पाहिजे. पण तुमच्या मुलाचा अहवाल हा त्याचा आहे. तो स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थापुढे ठेवायचा कागद नाही.

दुसऱ्या मुलाचं याच तपासणीवर अवलंबून आहे. आई-वडील दोघेही नॉर्मल असतील तर पुढच्या बाळात हेच होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. दोघांपैकी एकात असेल तर प्रत्येक वेळी निम्मी. दोन्हींत केवढं अंतर आहे बघा, आणि न तपासता तुम्ही या दोन्हींच्या मध्ये लटकून राहाल. तेव्हा आधी तपासणी, मग समुपदेशन आणि मग दिवस राहण्याचा विचार. निकाल काहीही आला, तरी पहिल्या बाळाला हृदयदोष असल्यानं पुढच्या खेपेला अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची इको करून घ्याच. मुलात २२क्यू११ निघालं, तर तो मोठा होऊन संसाराला लागेल तेव्हा त्यालाही हे सांगावं लागेल, कारण त्याच्या प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी असेल.

तपासणी नकारार्थी आली तर? तेव्हाही वरचं बहुतेक सगळं लागू आहे. टाळू तपासायची, कॅल्शियम बघायचं आणि शाळेतली मदत मिळवायचीच. गुंतागुंतीचा हृदयदोष असलेल्या मुलांना, कुठला सिंड्रोम नसला तरी, शिकण्यात आणि लक्ष देण्यात अडचणी जास्त येतात.

हे पत्र वाचणाऱ्या इतर आई-बापांसाठी थोडं. दर हजार बाळांत साधारण आठांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. पुष्कळांत तो एकटाच असतो, पण काहींत सोबत दुसरं काही असतं, आणि ते शोधायला विचारावं लागतं. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, म्हणून बाळ निळं दिसत नसलं तरी इको पहिल्या काही आठवड्यांतच करा. मोठं भोक असेल तर ऑपरेशनची वेळ पहिल्या काही महिन्यांतच असते. ‘डाऊनचं आहे, कशाला करायचं’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. मुलीच्या महाधमनीत अरुंदपणा असेल आणि उंची वाढत नसेल, तर टर्नर सिंड्रोमचं विचारा. फुप्फुसाची झडप अरुंद, ठेंगणी उंची आणि वेगळी चेहरेपट्टी असेल तर नूननचं. आईला गरोदरपणात पुरळ उठून ताप आला असेल आणि बाळाच्या हृदयातली जन्मापूर्वीची नळी बंद झालेली नसेल, तर रुबेला लक्षात घेऊन डोळे आणि कान लगेच तपासा. फॅलो किंवा तसा दोष असलेलं तान्हं बाळ ऑपरेशनसाठी थांबलं असेल आणि २२क्यू११ची शंका असेल, तर रक्त देताना किरण दिलेलं, म्हणजे इरॅडिएटेड रक्त लागेल का आणि जिवंत लशी कधी द्यायच्या, हे दोन प्रश्न आधी विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयाची ऑपरेशन्स मोफत होतात.

राहिला प्रश्न घरात बोलायचं कसं. सगळ्यांसमोर, जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका. आधी नवऱ्याला एकट्याला गाठा आणि त्याला एकच काम द्या: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन त्यानं करायचा. गप्प बसणारी माणसं पुष्कळदा नेमकं काम मिळालं की हलतात, आणि तिकडून काय कारण सांगितलं गेलं ते त्याच्या तोंडून आत्याला कळलं तर ती सून बोलतेय म्हणून अडणार नाही. मग तुम्ही तिच्याशी बोला, सून म्हणून नको, भाची म्हणून. ‘आत्या, लग्नामुळे हे झालेलं नाही असं डॉक्टर सांगतील, तू स्वतः ऐकायला चल’ एवढंच म्हणा. समुपदेशनाच्या दिवशी तिला खरंच सोबत न्या, आणि नात्यातल्या लग्नाचा प्रश्न तिच्यासमोर डॉक्टरांना तुम्हीच विचारा.